शेवंतीच्या बापाची पावलं

अवकाशस्थानकावरून आलेला आकडा डॉ. मृणालिनी खानझोडे यांनी तीनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"महिन्याला एक पूर्णांक तीन टक्के," त्या म्हणाल्या. "पाच महिन्यांत सुलक्षणाचं खुब्याचं हाड साडेसहा टक्के झिजलंय, निनाद. नऊ टक्के झाले की तिला खाली आणणार. म्हणजे आपल्या हातात दोन महिने आहेत. तेही पुरते नाहीत."

निनाद ढोबळेने मान हलवली. तो संकेत-अभियंता होता, हाडांचा माणूस नव्हता. पण नागपुरात सेमिनरी हिल्सच्या उतारावर असलेल्या त्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढल्यावर या आकड्याचा अर्थ त्याला कळत होता. सुलक्षणा रणपिसे ही 'ध्रुव' स्थानकाची प्रमुख, वय सेहेचाळीस. तिथे एका मोठ्या दुर्बिणीची जुळणी चालू होती आणि ती पुरी करण्याचं शिक्षण घेतलेली ती एकटीच होती. ती अर्ध्यातून उतरली तर सात वर्षांचं काम अधांतरी राहणार होतं.

तिची हाडं सांभाळायची जबाबदारी या प्रयोगशाळेची होती. त्यासाठी इथे स्पंदनजोडे तयार झाले होते. जिथे वजनच नाही तिथे पावलाला जमिनीचा मार बसत नाही, आणि मार बसला नाही की शरीर हाड पोसायचं सोडून देतं. म्हणून अंतराळवीराने रबरी पट्ट्यांनी स्वतःला एका फळीवर ओढून घ्यायचं आणि जोड्यांच्या तळव्यांतून रोज अडीच तास पृथ्वीवरच्या पावलांचे ठोके घ्यायचे. सोबत कंबरेला एक पट्टा असे. तो शरीराचा तोल खऱ्या चालण्यासारखा इकडेतिकडे ढकलायचा. हे ठोके कुणातरी खऱ्या माणसाच्या चालण्याधावण्यातून टिपलेले असायचे. त्या नोंदीला प्रयोगशाळेत 'पदठसा' म्हणत. सुलक्षणाला दिलेला पदठसा देशातल्या एका अव्वल धावपटूचा होता. घड्याळासारखा नेमका, एकही पाऊल इकडचं तिकडे नाही.

"इतका चांगला ठसा आणि हाडाला फरक नाही," निनाद म्हणाला. "मला तर मशीनच बिघडलंय असं वाटलं होतं."

"मशीन ठीक आहे. सुरुवातीचे तीन आठवडे आकडे सुधारले होते की. मग थांबले." मृणालिनीबाईंनी कागदावर एक रेघ काढली. "हाडातल्या पेशी ठोका ऐकतात असं समज. पहिला ऐकला, दुसरा ऐकला, तोच तो पुन्हा पुन्हा यायला लागला की त्या बहिऱ्या होतात. नळाखाली बादली लावलीस तर थोड्या वेळाने तो आवाज तुझ्या कानाला ऐकू येईनासा होतो, तसं."

"मग कुणाचा ठसा घ्यायचा?"

उत्तर शोधायला त्यांनी शहरातले साठ हौशी धावपटू निवडले आणि साठही जणांच्या हाडांची घनता मोजली. यादी हातात आली तेव्हा सर्वांत वरचं नाव पाहून निनादला ती उलटी छापली गेलीय असं वाटलं. हेमराज ठवकर, वय चौतीस, वीजवितरणाच्या नियंत्रण कक्षात दुपारपाळी. धावण्याच्या वेळेत हा साठांत पंचावन्नावा होता आणि हाडांच्या घनतेत पहिला. तोही थोडाथोडका नाही. दीड वर्षापूर्वीच्या एका जुन्या तपासणीशी ताडलं तर त्याचं खुब्याचं हाड, चौतिसाव्या वर्षी, वाढलं होतं.

"बोलवा त्याला," मृणालिनीबाई म्हणाल्या.

हेमराज दुसऱ्या दिवशी आला तो तीनचाकी ढकलगाडी ढकलत. गाडीत त्याची मुलगी बसली होती. शेवंती, वय एक वर्ष नऊ महिने, एका पायात सँडल. दुसरा सँडल हेमराजच्या खिशात होता.

"माफ करा मॅडम, हिला घेऊनच यावं लागलं," तो म्हणाला. "मिसेस मेट्रो चालवते. तिची सकाळची ड्युटी असते न. आईबाबा भंडाऱ्याला. त्यामुळे दुपारपर्यंत आम्ही दोघंच."

"मग धावता कधी?"

"तेव्हाच. हिला गाडीत टाकतो अन् निघतो. पण धावणं कसलं ते मॅडम! पोट्टी चालूच देत नाही. दोनशे मीटर गेलो की उतरायचं असते. उतरली की पळते. पळाली की मी मागून. मग कडेवर. मग पुन्हा गाडी. आधी मी दहा किलोमीटर तेहतीस मिनिटांत मारायचो, राज्य स्पर्धेत होतो. आता तासाच्या वर लागते. तुम्ही मला काहून बोलावलं तेच समजून नाही राहिलं."

एवढं बोलताना त्याचा डावा पाय सहज अर्धं पाऊल सरकला आणि हात खाली गेला. मग शेवंतीने संगणकाच्या वायरीकडे झेप घेतली आणि ती थेट त्या हातात आली. त्याने तिला उचललं, वाक्य पुरं केलं आणि खिशातला सँडल तिच्या पायात घातला.

मृणालिनीबाई ते पाहत होत्या. त्यांनी निनादकडे पाहिलं. निनाद यादी चाळत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

हेमराजच्या बुटांत संवेदक तळवे घातले, कंबरेला पट्टा बांधला, ढकलगाडीवर छोटा कॅमेरा लावला आणि रोजची सकाळ टिपायला सुरुवात झाली. दोन दिवसांनी मृणालिनीबाई स्वतः सायकल घेऊन त्याच्या मागे गेल्या. फुटाळा तलावाच्या काठाने तो गाडी ढकलत धावत होता, एका लयीत, खांदे सैल, आणि धावताधावता मुलीशी बोलत होता. पुढे बगळा दिसला. गाडी थांबली. शेवंती उतरली, बगळ्यामागे गेली, बाप मागे. बगळा उडाला. ती मटकन खाली बसली, बाप उकिडवा. एक खडा उचलून तिने त्याला दिला, त्याने तो नीट पाहिला, "वा!" म्हणाला. चढावर ती गाडीत बसायला तयार होईना, म्हणून त्याने एका हाताने गाडी ढकलली आणि दुसऱ्या कडेवर तिला घेऊन पळत चढ संपवला. वर पोचल्यावर तिला तोच चढ पुन्हा हवा होता. तो खाली उतरला आणि पुन्हा चढला.

अडीच तासांत मृणालिनीबाईंनी एकदाही त्याचा आवाज चढलेला ऐकला नाही. उतारावर सायकलची साखळी निसटली म्हणून त्या मागे राहिल्या, तेव्हा कुठे त्यांना जाणवलं, की नुसतं पाहून त्या दमल्या होत्या.

निनादने आठवडाभराचा पदठसा तयार केला तेव्हा आपण फार चांगलं काम केलं असं त्याला वाटत होतं.

"साफ केलाय, मॅडम. थांबणं, बसणं, मागे फिरणं, मुलीला उचलणं सगळं कापलं. आता फक्त शुद्ध धावणं उरलंय. काय सुंदर धावतो हा माणूस!"

तो साफ केलेला ठसा 'ध्रुव'वर गेला. सुलक्षणाच्या लघवीतलं कॅल्शियम हाड किती विरघळतंय ते सांगायचं. पहिले आठ दिवस आकडा किंचित उतरला आणि पुन्हा होता तिथे आला. दोन आठवडे वाया गेले होते.

"आपण चुकीचा भाग फेकला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "त्याच्या वेगात काही नाही. जे तू कापलंस त्यातच सगळं आहे. धावायचं, एकदम थांबायचं, दम खायचा, बसायचं, ओझं घेऊन उठायचं. पेशी बहिऱ्या व्हायच्या आत दर वेळी ठोका बदलतो. ती पोरगी त्याच्या हाडांना झोपू देत नाही."

"अनियमितपणाच हवा असेल तर तो मी संगणकावर करून देतो," निनाद म्हणाला. "एका माणसावर कशाला अवलंबून राहायचं?"

त्याने स्वैर ठोक्यांचा ठसा बनवला. कुठल्या क्षणी थांबायचं, कुठे झुकायचं हे फासे टाकल्यासारखं ठरवलेलं. चौथ्या दिवशी सुलक्षणाचा चेहरा पडद्यावर आला, पांढराफटक.

"हे बंद करा," ती म्हणाली. "मी तीनदा ओकलेय. आणि उजवा घोटा मुरगळलाय. वजन नसताना घोटा मुरगळून दाखवला, आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्या दुपारी दोघांनी हेमराजचा न कापलेला ठसा आणि निनादचा स्वैर ठसा एकाखाली एक मांडले. दिसायला दोन्ही सारखेच वेडेवाकडे होते. मृणालिनीबाईंनी बोट ठेवलं.

"इथे शेवंती पळाली. हा मोठा धक्का, हा त्याने घेतलेला झपाटा. त्याच्या अगोदर काय आहे?"

निनादने ती जागा मोठी केली आणि ढकलगाडीवरच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिली. धक्क्याच्या जरा आधी कंबरेचं वजन डावीकडे गेलं होतं, गुडघा वाकायला लागला होता.

"चार दशांश सेकंद आधी," तो म्हणाला. "पण मुलगी तर अजून पळालेलीच नाही!"

"दुसरा धक्का बघ. तिसरा."

सगळीकडे तेच होतं. मुलीने काही करायच्या आधी बापाचं शरीर तयार व्हायला लागायचं. खुद्द हेमराजला विचारलं तर तो म्हणाला, "नाही बुवा, मी काही मुद्दाम नाही करत. ती जाणार म्हटलं की जाणारच न."

मृणालिनीबाईंनी त्याला 'पूर्वचाहूल' असं नाव दिलं. मग त्यांनी निनादला समजावलं, तेव्हा त्या स्वतःलाही समजावत होत्या. "तुझा धक्का अचानक येतो आणि बेसावध शरीरावर आदळतो. म्हणून ती ओकली. याचा धक्का तितकाच नवा असतो, पण त्याच्या आधी इशारा येतो. स्नायू आवळले जातात, हाड ओझं घ्यायला तयार होतं आणि मगच ओझं येतं. रोज नवं, आणि तरी बेसावध कधीच नाही. असं फासे टाकून होत नाही, निनाद. त्यासाठी कुणीतरी कुणावर सतत लक्ष ठेवून असावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून हेमराजची सकाळ जशीच्या तशी वर जाऊ लागली. जुना ठसा पुन्हा वापरून चालणार नव्हतं. पेशींना कालचाच दिवस दिला तर त्या ओळखायच्या. रोजचा रोज ताजा हवा होता.

"म्हणजे मी एक दिवसही सुट्टी घ्यायची नाही?" हेमराजने विचारलं.

त्याची बायको प्रणाली ड्युटीच्या गणवेशातच त्याला न्यायला आली होती. ती हसली. "आतापर्यंत कधी घेतली का तुम्ही? पोरीला ताप होता तेव्हाही तिला घेऊन घरातल्या घरात फिरतच होतात की."

तीन आठवड्यांत कॅल्शियमचा आकडा निम्म्यावर आला. दोन महिने झाले तेव्हा तुटपुंजी का होईना, खुब्याच्या हाडाची घनता वाढली होती. सुलक्षणाला खाली आणायची चर्चा बंद पडली. ती दुर्बिणीच्या कामाला लागली.

आता तिचे निरोप वेगळे येऊ लागले. "आज सव्वासातला आपण दहा मिनिटं एकाच जागी उकिडवे बसलो होतो. काय होतं तिथे?" हेमराज उत्तर पाठवायचा, "गोगलगाय होती मॅडम." एकदा तिने विचारलं, "काल अख्खी सकाळ तुम्ही डाव्या कडेवर ओझं घेऊन होतात. तिला बरं नाही का?" प्रणालीने तो निरोप दोनदा वाचला. दात येत होते आणि शेवंती खरंच खाली उतरायला तयार नव्हती. चारशे किलोमीटर उंचीवरच्या एका बाईला ते पायांतून कळलं होतं.

सुलक्षणाला मूल नव्हतं. तिने ते हवं म्हणून किंवा नको म्हणून फारसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. दुर्बीण पुरी झाली त्या दिवशीच्या निरोपात तिने कामाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, "हा माणूस किती मोठं काम करतोय ते त्याला कुणी सांगितलंय का?"

बाराव्या महिन्यात ती पृथ्वीवर उतरली. वर्षभर वर राहिलेली माणसं उतरल्यावर आठवडाभर भेलकांडतात. ती तिसऱ्या दिवशी सरळ चालत होती. एकंदर झीज तीन टक्क्यांवर आली होती. दीड महिन्याने ती तपासणीसाठी नागपूरला आली. पायांत संवेदक तळवे होतेच, कारण उतरल्यावरची चालही टिपायची होती.

हेमराज आणि शेवंती तिला प्रयोगशाळेच्या फाटकाशी भेटले. शेवंती आता अडीच वर्षांची होत आली होती. पाहुणीकडे तिने पाठ फिरवली आणि ती फाटकाच्या गजांशी खेळू लागली. हेमराज गाडी घडी करायला वाकला. एक चाक अडकलं होतं. सुलक्षणा निनादला दुर्बिणीच्या पहिल्या छायाचित्रांबद्दल सांगत होती. तिचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला होतं.

बोलताबोलता तिचा डावा पाय मागे सरकला. ती वळली, दोन ढांगांत फाटकाबाहेर गेली आणि खाली झुकून तिने फ्रॉक पकडला. त्याच क्षणी एक मालवाहू विजेरी गाडी, आवाज न करता मागे येत, त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. चालकाला काही दिसलंच नव्हतं. सुलक्षणा मुलीला छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसली होती. हेमराजच्या हातात अजून ढकलगाडीचं चाक होतं.

ते टाकून तो धावत आला. "मॅडम... तुम्ही... तुम्ही तर तिकडं बघतही नव्हता."

"नव्हते," सुलक्षणा म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मला काही दिसलं नाही. पायच गेले."

शेवंती घाबरली नव्हती. उचललेल्या जागेवरून तिने त्या अनोळखी बाईचा चेहरा जवळून पाहिला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेरच्या माणसाकडे ती अशी कधी जात नसे.

आत गेल्यावर निनादने तळव्यांची नोंद काढली आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिली. शेवंतीने गज सोडला त्याच्या चार दशांश सेकंद आधी सुलक्षणाचं वजन हललं होतं.

"कानाला गजाचा आवाज बदललेला कळला असेल, डोळ्याच्या कडेला सावली दिसली असेल," मृणालिनीबाई सुलक्षणाला म्हणाल्या. "तुला ते कळलंय हे तुलाच कळलेलं नाही. जवळजवळ सहा महिने रोज अडीच तास एका बापाचं शरीर तू अंगात वागवलंस. आम्हाला वाटलं, आपण हाडांसाठी ठोके पाठवतोय."

"हे जाईल का आता?" सुलक्षणाने विचारलं.

"खरं सांगू? जाणार नाही असं वाटतं. जे सारखं तेच असतं त्याची शरीराला सवय होते आणि मग ते विसरलं जातं. या ठशाची सवयच होत नव्हती, म्हणून तर तो चालला. जे बोथट होत नाही ते पुसलं कसं जाणार?"

"म्हणजे जन्मभर कुठल्याही रस्त्यावर, कुणाचंही मूल सुटलं की माझा पाय पुढे जाणार."

"बहुतेक."

हेमराज कोपऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. तो उठून उभा राहिला. "मॅडम, चूक माझी आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय ही भानगड तुमच्या मागे लागली. हे फार... थकून जाते न माणूस."

सुलक्षणाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही थकता?"

हेमराजने खरोखर विचार केला. "झोपतो तेव्हा समजते, थकलो म्हणून," तो म्हणाला.

ती मोठ्याने हसली. वर्षभरात तिला असं हसताना निनादने पाहिलं नव्हतं. मग तिने विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता निघता?"

"सहाला. फुटाळ्यावर."

"मला अजून पळायची परवानगी नाही. पण हिच्या मागे चालायला हरकत नाही. तेवढा वेळ तुम्ही एकटे धावून या."

हेमराज काहीतरी नम्र बोलून नाही म्हणणार होता. दोन वर्षांत तो मुलीला कुणाकडे सोडून धावला नव्हता. प्रणालीला सुट्टी असली तरी अर्ध्या वाटेवरून परत यायचा, जीव राहायचा नाही. पण त्याने फाटकाकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

सकाळी तलावाच्या काठाला तिघं भेटले. शेवंती उतरली आणि पायऱ्यांकडे निघाली. ती पायरीवर थबकायच्या आत सुलक्षणा एक पायरी खाली उतरून उभी होती. हेमराजने ते पाहिलं. त्याने बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा बांधल्या, दोन्ही हात मोकळे हलवून बघितले आणि तो धावत सुटला. पहिली शंभर पावलं त्याला हातांचं काय करायचं ते सुचेना. मग छाती मोकळी झाली, टाचा उचलल्या गेल्या, आणि काठावर फिरायला आलेले लोक बाजूला होऊन बघत राहिले, इतका तो वेगात गेला. लांबून शेवंतीचं खिदळणं ऐकू येत होतं.

त्या पूर्ण फेरीत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.